स्टुटगार्टची सायकल पुण्यात आणताना

परदेशातून सायकल आणली म्हटलं की लोक आधी विमानाचं विचारतात आणि मग कस्टम्सचं. दोन्ही गोष्टी एका संध्याकाळी समजून घेता येतात. डोकं खर्च करायचं ते त्याच्या आधी, सायकल निवडताना. जी सायकल पुण्यात दुकानात जाऊन चालवून बघता येते, ती युरोपातून ओढून आणण्यात काही अर्थ नाही. आणि जी आपला नेहमीचा सायकलवाला उघडू शकत नाही, ती फुकट मिळाली तरी आणू नये. या दोन चाळण्यांतून जे उरतं तेवढंच बघायचं.

पहिल्या चाळणीत बरंच गळतं. हायब्रिड, एमटीबी (डोंगरवाटांची सायकल), अ‍ॅल्युमिनियमची रोडबाइक, अगदी कार्बनचीसुद्धा, हे सगळं आता पुण्यात मिळतं, वॉरंटीसकट. मिळत नाही ती पूर्ण सजवलेली स्टीलची टूरिंग, म्हणजे लांबच्या प्रवासाची सायकल: मागे जड सामान पेलणारं कॅरिअर, दोन्ही चाकांना पूर्ण लांबीचे मडगार्ड, पुढच्या चाकाच्या हबमध्येच, म्हणजे मधल्या भागात, डायनमो आणि त्यावर चालणारे दिवे. जर्मनीत रस्त्यावरच्या सायकलला दिवे कायद्यानेच लागतात, त्यामुळे तिथल्या रोजच्या सायकलींवर ही सगळी सामग्री कारखान्यातूनच येते. आपल्याकडे एकेक भाग मागवून तसं करायला गेलात तर भागांचे पैसे सायकलच्या बरोबरीला जातात, आणि मडगार्ड तरीही खडखडतो.

मी कामानिमित्त स्टुटगार्टला राहत होते. गाड्यांच्या कारखान्यांमुळे तिथे पुण्याचे इंजिनिअर पावलोपावली भेटतात. कार्ल द्राइसचं कार्ल्सरुहं तिथून फार लांब नाही. १८१७ साली मानहाइममधून पायांनी ढकलत चालवायची दुचाकी बाहेर काढणारा तोच. सायकलच्या गावी येऊन सायकल न घेता परत जायचं, हे काही मनाला पटेना.

तर आधी, नवी की वापरलेली? माझं उत्तर: वापरलेली. नव्या सायकलच्या किमतीत १९ टक्के व्हॅट असतो. तो परत मिळतो तो युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या पाहुण्याला. नोकरीचा परवाना घेऊन तिथे राहणाऱ्याला मिळत नाही, त्यामुळे आपल्यातल्या बहुतेकांना त्याचा उपयोग नाही. फिरायला गेलेल्यांनी मात्र दुकानातून परताव्याचा फॉर्म भरून घ्यावा आणि विमानतळावर खोका चेक-इन करण्याआधी तिथल्या कस्टम्सला दाखवून शिक्का घ्यावा. खोका एकदा आत गेला की शिक्का मारायला दाखवणार काय?

वापरलेल्या सायकली मिळतात त्या मुख्यतः क्लाइनआन्त्साइगन या जाहिरातींच्या साइटवर. किमतीपुढे ‘फाउ-बे’ (VB) ही दोन अक्षरं असली तर घासाघीस चालते, ‘फेस्टप्राइस’ लिहिलं असेल तर तोंड उघडू नये. ‘सायकल कुरिअरने पाठवतो, पैसे आधी टाका’ म्हणणाऱ्याला उत्तरसुद्धा देऊ नये. एडीएफसी या सायकलस्वारांच्या संघटनेचे जुन्या सायकलींचे बाजार वसंतात भरतात, शिवाय पालिकेच्या हरवलेल्या वस्तूंच्या कचेऱ्या बेवारस सायकलींचे लिलाव करतात. लिलावात सायकल नीट तपासायला मिळेलच असं नाही, म्हणून मी त्या वाटेला गेले नाही. मार्च-एप्रिलला ऊन पडलं की सगळ्या जर्मनीला सायकल आठवते आणि भाव चढतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, बाहेर चार डिग्री असताना बघायला जाणारं गिऱ्हाईक एकटंच असतं. तेव्हा जावं.

चोरीच्या सायकलीबद्दल मात्र गंमत नको. जर्मन कायद्यात चोरीची वस्तू तुम्ही न कळता, रोख पैसे मोजून घेतली तरी तुमची होत नाही. मूळ मालक सापडला की ती त्याची. म्हणून तीन गोष्टी मागायच्या: मूळ बिल, फ्रेमवर कोरलेला नंबर (बहुधा पेडलच्या खाली किंवा सीटच्या नळीवर), आणि साध्या कागदावर खरेदीचा करार. करारात विकणाऱ्याचं नाव-पत्ता, सायकलचं मॉडेल, फ्रेम नंबर, रक्कम, तारीख आणि दोघांच्या सह्या. छापील नमुने नेटवर मिळतात. हा कागद पुढे मुंबईत कस्टम्सला दाखवायला कामाला येतो, म्हणून रक्कम अंकात आणि अक्षरात लिहून घ्या.

माझी सायकल एसलिंगनच्या एका निवृत्त आजोबांची. फाररादमनुफाक्टुर कंपनीची टी-४००, स्टीलची. आजोबांनी एक फाइल पुढे ठेवली. त्यात मूळ बिल, प्रत्येक सर्व्हिसची पावती आणि चेन कधी बदलली त्याच्या तारखा. मी ४५० युरोवरून ३८० म्हटलं. ते काहीच बोलले नाहीत, घरामागच्या चढाकडे बोट दाखवून म्हणाले, आधी चालवून या. वर जाऊन आले, धाप लागली होती, आणि त्यांनी ३८० मान्य केलं. माझा अंदाज असा की सायकल वापरली जाणार याची त्यांना खात्री करून घ्यायची होती.

आता दुसरी चाळणी. इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण पैसे जातात ते इथे.

माप आधी. जर्मन माणसं उंच, त्यामुळे बाजारात ५७ आणि ६० सेंटिमीटरच्या फ्रेमचा सुळसुळाट असतो. भिंतीला टेकून, पायांत पुस्तक घट्ट धरून जमिनीपासून जांघेपर्यंतची उंची मोजा आणि तिला ०.६६ ने गुणा. टूरिंग सायकलच्या फ्रेमचं माप येतं. ७५ सेंटिमीटर असेल तर साधारण ५० ची फ्रेम. ‘सीट खाली करू की’ असं विकणारा म्हणेल. सीट खाली होते, हँडल जवळ येत नाही. वर्षभरात मान धरते.

चाक. तिकडची ‘२८ इंची’ आणि आपल्या काळ्या दूधवाल्या सायकलची २८ इंची ही नावाचीच बहीण-भावंडं. टायरच्या कडेला बारीक अक्षरात मिलिमीटरमधलं माप असतं, तेवढं वाचायचं. तिकडचं २८ इंची म्हणजे ६२२, तेच ७००सी, आणि त्याचे टायर-ट्यूब पुण्यात कुठेही मिळतात. आपल्या त्या काळ्या सायकलचं ६३५ आहे. १३ मिलिमीटरचा फरक, पण एकाचं टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. जुन्या रेसिंग सायकलींवर ६३० चं, म्हणजे २७ इंची चाक दिसतं. दिसायला देखणी, भाव कमी, आणि टायरसाठी जन्मभर वणवण. सोडून द्या. टायरची रुंदी निदान ३५ मिलिमीटर हवी आणि मडगार्डखाली त्याहून जाड टायरला जागा हवी. पावसाळ्यानंतरचा सिंहगड रस्ता आठवा.

ट्यूबच्या व्हॉल्व्हबद्दल एक सुखद गोष्ट. तिकडच्या रोजच्या सायकलींना बरेचदा डनलॉप व्हॉल्व्ह असतो, जो आपल्या साध्या सायकलींनाही असतो. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप सरळ बसतो. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पितळी अ‍ॅडॅप्टर दोन-चार आणा. नखाएवढी वस्तू आहे, हरवतेच.

ब्रेक. स्टुटगार्टच्या आसपास मागुराचे हायड्रॉलिक, म्हणजे वायरऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे रिम ब्रेक पुष्कळ सायकलींवर दिसतात, कारण मागुरा तिथल्याच बाड उराखची. ब्रेक उत्तम आहेत, मी चालवून बघितले. पण त्यांना मागुराचं तेल लागतं, भरायची त्यांची पद्धत, पॅड त्यांचेच. आमच्या कर्वेनगरच्या सायकलवाल्याला फोटो पाठवला तर त्याने उलट विचारलं, ‘ताई, यात वायर कुठंय?’ मी वायरवाले व्ही-ब्रेक असलेली सायकल घेतली. त्याला अजून एक कारण आहे. जर्मनीत पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो, आपल्याकडे उजव्या. हाताला सवय नसताना घाटाच्या उतारावर चुकीचा लिव्हर करकचून दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जातो. वायरच्या ब्रेकची अदलाबदल दहा-पंधरा मिनिटांत होते. हायड्रॉलिकच्या नळ्या उलटसुलट करायच्या म्हणजे तेल काढणं-भरणं आलं.

गिअर. कासेलजवळच्या रोलोफ कंपनीचा १४ गिअरचा हब १९९८पासून बाजारात आहे आणि टूरिंगवाल्यांच्या स्वप्नात येतो. माझ्याही यायचा. पण त्याची किंमत हा मुद्दाच नाही. तो मागच्या चाकाच्या आत बंद असतो आणि आतून बिघडला तर त्याला कंपनीकडेच जावं लागतं. शिमानोचे सात-आठ गिअरचे नेक्सस हब शहरात झकास चालतात, फक्त मागचं चाक काढणं हा त्यांच्या बाबतीत छोटा समारंभ होतो. उघड्या डिरेलरचे (चेन एका दातेरी चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग), नऊ स्पीडचे शिमानो गिअर घेतलेत तर चेन, कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच), वायर सगळं पुण्यात मिळतं. कंटाळवाणा सल्ला आहे, पण खरा आहे. पेडल मागे फिरवून लागणारा ब्रेकही तिकडे खूप सायकलींना असतो. आपल्याकडच्या कुणी ती सायकल उसनी नेली तर पहिल्याच चौकात कळेल काय होतं ते.

डायनमोचा हब मात्र डोळे मिटून घ्या. आत फारसं बिघडायला काही नाही, आणि चांगल्या जर्मन दिव्याचा झोत वरून कापलेला असतो, समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. चेन किती ताणली ते मोजायचं छोटं माप पाच-सहा युरोला येतं, ते बरोबर न्या. मापावर ०.७५ च्या खुणेपुढे गेली असेल तर चेन आणि बहुधा कॅसेटही बदलावी लागेल, तेवढे पैसे भावातून कमी करून घ्या. सीटची दांडी फ्रेममध्ये गंजून अडकली नाही ना, हे स्वतः हलवून बघा. अडकली असेल तर ती सायकल खोक्यात नीट बसणार नाही आणि तुम्हालाही बसू देणार नाही.

ई-बाइकचा विचार असेल तर इथेच सोडा. प्रवासी विमानात लिथियम बॅटरीची मर्यादा १०० वॅट-अवर, कंपनीच्या परवानगीने १६०. ई-बाइकची बॅटरी सहसा ४००च्या वर असते. बॅटरीविना आणून इथे दुसरी जोडू, असं म्हणणारे भेटले, जोडलेली दाखवणारा अजून भेटायचाय.

विमानाचं म्हणाल तर तिकीट काढायच्या आधी त्या कंपनीचा सायकलचा नियम वाचा, नंतर नाही. काही कंपन्या सायकल नेहमीच्या चेक-इन सामानातच मोजतात, फक्त वजन आणि आकाराची अट घालतात. काही वेगळे पैसे घेतात, आणि लांबच्या प्रवासाला शंभर युरोच्या वर सहज जातात. नेहमीच्या बॅगेची मर्यादा लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटर असते, तर सायकलचा खोका २४०च्या आसपास जातो. त्यामुळे ‘एक बॅग म्हणून चालेल’ हे गृहीत धरू नका. तिकिटावर दोन कंपन्यांची नावं असतील तर जिचं विमान प्रत्यक्ष उडतं तिचा नियम बघा. सायकलची नोंद फोन करून आधी करावी लागते आणि तिचा ई-मेल छापून जवळ ठेवावा. कुठलाही एक नग ३२ किलोच्या वर घेत नाहीत, तुमच्या तिकिटावर बहुधा २३ असतील.

खोका फुकट मिळतो. सायकलच्या दुकानात नव्या सायकली खोक्यांतून येतात आणि दुकानदार ते कापून फेकतात. दोन आठवडे आधी विचारून ठेवा, रविवारी दुकानं बंद असतात हे लक्षात ठेवा. सायकल १५-१६ किलोची असली तर खोक्यासकट वीसच्या आत बसते. उरलेल्या दोन-तीन किलोंत जाकिटं, पंचे वगैरे मऊ सामान फ्रेमभोवती भरा. तेच गादीचं काम करतं.

बांधताना क्रम असा. सीटच्या दांडीवर चिकटपट्टीने उंचीची खूण करा, मग दांडी काढा. पेडल काढायला १५ चा पाना लागतो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, तेव्हा दोन्ही पेडल मागच्या चाकाच्या दिशेने फिरवली की सुटतात. जोर लावायच्या आधी हे वाक्य पुन्हा वाचा. पुढचं चाक आणि मडगार्ड काढा, हँडल सोडवून फ्रेमच्या कडेला बांधा. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या दोन टोकांमध्ये आधार हवाच. दुकानदाराकडे त्यासाठी प्लॅस्टिकचा तुकडा पडलेला असतो, खोक्याबरोबर मागून घ्या. मागचा डिरेलर पाचच्या अ‍ॅलन-कीने सोडवून, कागदात गुंडाळून आतल्या बाजूला बांधा. पहिला धक्का त्यालाच बसतो. फ्रेमच्या नळ्यांना पाण्याच्या पाइपवर चढवतात ते फोमचे कवच घाला. बाउहाउस किंवा ओबीत मीटरच्या हिशेबाने स्वस्त मिळतात. टायरमधली हवा कमी करा, पूर्ण काढू नका, रिमला तेवढाच आधार. नट-बोल्ट एका पिशवीत आणि ती पिशवी फ्रेमला बांधलेली. खोक्यात सुटी टाकली तर खोक्याला जिथे भोक पडेल तिथून ती जाईल. बाहेर दोन्ही बाजूंना नाव, भारतातला फोन नंबर, आणि आत एक चिठ्ठी तीच.

विमानतळावर खोका नेहमीच्या पट्ट्यावर जात नाही. काउंटरवर टॅग लावून मिळतो आणि मोठ्या सामानाच्या वेगळ्या खिडकीवर नेऊन द्यावा लागतो, तिकडे त्याला ‘श्पेर्गेपेक’ म्हणतात. तासभर जास्तीचा हाताशी ठेवा. तिथे खोका उघडायला लावू शकतात, म्हणून चिकटपट्टीचं एक रीळ हातातल्या पिशवीत असू द्या, कात्रीशिवाय.

कस्टम्स. मी आणली तेव्हा २०१६चे बॅगेज नियम लागू होते: परतणाऱ्या भारतीयाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या वस्तूंवर शुल्क नाही, त्याच्या वरच्या रकमेवर ३८.५ टक्के. हे आकडे सरकार बदलतं, तेव्हा उतरण्याच्या आठवड्यात सीमाशुल्क खात्याच्या साइटवर चालू रक्कम बघून घ्या. रचना समजून घेतली की पुरे. सूट ही सायकलला वेगळी नसते, अंगावरच्या कपड्यांसारख्या रोजच्या वापरातल्या गोष्टी सोडून तुम्ही आणलेल्या सगळ्या वस्तूंची बेरीज धरतात. नवरा-बायकोची सूट एकत्र करून एकच महाग सायकल बसवता येत नाही. वर्ष-दोन वर्षं परदेशात राहून कायमचं परत येणाऱ्यांना वापरलेल्या घरगुती सामानासाठी याहून मोठी वेगळी सूट असते, त्यासाठी पासपोर्टवरचे शिक्के आणि मुक्कामाचे पुरावे जवळ हवेत. आणि ही प्रवाशाची सूट बरोबर आणलेल्या सामानाला आहे. मागाहून कुरिअरने पाठवलेली सायकल म्हणजे सरळ आयात. २०२३च्या अर्थसंकल्पात सायकलवरचं मूळ आयात शुल्क ३० वरून ३५ टक्के झालं होतं, त्यावर जीएसटी वेगळा; हे दरही बदलतात. म्हणून सायकल स्वतःबरोबर आणायची, हा सगळ्या हिशेबाचा गाभा.

माझ्या सायकलचे तेव्हाच्या भावाने साधारण ३४ हजार होत होते. ग्रीन चॅनेलमधून निघाले, पण एवढा खोका बघून थांबवणारच. साहेबांनी विचारलं, ‘मॅडम, काय आहे यात?’ म्हटलं, सायकल. ‘इथं मिळत नाहीत?’ मी करार पुढे केला, रकमेखाली पेन्सिलने रुपये लिहून ठेवले होते. जर्मन मजकुराचं इंग्रजी भाषांतर मागच्या बाजूला टाचलेलं. त्यांनी फ्रेम नंबरही वाचला नाही, स्कॅन करून सोडलं. मर्यादेच्या वर असाल तर रेड चॅनेलला जाऊन स्वतः सांगा आणि शुल्काची पावती जपून ठेवा. लपवताना सापडलात तर दंड वेगळा, सायकल जप्त होऊ शकते ती वेगळी.

मुंबई ते पुणे देशांतर्गत विमानाचा मोह टाळा. तिथे सामानाची मर्यादा बहुतेकदा १५ किलो असते आणि सायकलचे नियम पुन्हा नवे. इनोव्हा किंवा एर्टिगासारखी गाडी आधी ठरवा, मागच्या सीटा पाडायच्या आहेत हे चालकाला फोनवरच सांगा. टपावर बांधू म्हणेल, तर पावसाळ्यात पुठ्ठ्याच्या खोक्याचं घाटात काय होईल ते त्यालाही सांगा.

घरी जोडल्यावर पहिली फेरी मारण्याआधी ब्रेकची अदलाबदल करून घ्या, हँडलचे बोल्ट पुन्हा आवळा, चाकाला वळ आला आहे का ते फिरवून बघा. स्टीलची फ्रेम पुण्यात सुखी असते, कोकणात नेणार असाल तर सीटची दांडी काढून नळीच्या आत गंजरोधक मेण फवारा, दर पावसाळ्याआधी. बॅगेत जागा असेल तर हे सुटे भाग तिकडूनच आणा: डायनमोच्या दिव्याची वायर आणि तिचे छोटे जोड, मडगार्डचे क्लिप, त्याच मापाचे चांगले पंक्चर न होणारे टायर दोन. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम घेतली असेल तर डिरेलर जिथे अडकतो तो हँगर. प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि वाकला की सायकल उभी राहते. स्टीलच्या फ्रेमला तो बहुतेकदा अंगचाच असतो, वाकला तर आपला सायकलवाला सरळ करून देतो. मला शंभर रुपये पडले, आणि चहा त्यानेच पाजला.